कौल लावण्याआधी

“मग नवस फेडला, हीच माझी चूक झाली का, आक्का?”

आक्का समई घासत होत्या. बोटांना चिंचेचा कोळ लागला होता. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला नवस?”

“डोळ्याचा.”

“फेडलास?”

“फेडला. एकही कमी नाही. एकशे आठ नमस्कार. गुडघे टेकून, कपाळ भुईला लावून.”

समई घासणारा हात थांबला.

“कधी?”

कुमुदताईंनी डोळ्यांवरचा दवाखान्यातला काळा चष्मा नीट केला. तो नीटच होता.

“पट्टी काढली... त्याच दुपारी.”

समईवरून काळं पाणी ओघळत राहिलं.

जाखाईचं हे देऊळ गावाबाहेर टेकाडावर आहे. गुरवांची मुलं नोकरीसाठी शहरात गेली, तेव्हापासून देवीचं सगळं आक्काच करतात. त्यांना कोणी गुरू म्हटलं की म्हणतात, “मी झाडलोट करते बाई. गुरू आत बसलीय.” पण कुमुदताईंनी बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हातून अनुग्रह घेतला, आणि त्यानंतर त्यांना विचारल्याशिवाय एक व्रत धरलं नाही की सोडलं नाही.

हा पहिलाच नवस त्या न विचारता बोलल्या होत्या.

शुक्रवार होता. सकाळचे दहा वाजत आले होते. सून तृप्ती खाली पायऱ्यांपाशी स्कूटर लावून थांबली होती. “मला आक्कांशी एकटीनं बोलायचंय,” असं सांगून कुमुदताई कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत वर आल्या होत्या.

“काय बोलली होतीस देवीला?” आक्कांनी विचारलं.

“नवव्या वर्षापासून मला चष्मा आहे, आक्का. सकाळी जाग आली की देवाआधी हात चष्म्याकडे जातो. कुंकू लावायला तो काढावा लागतो, आणि काढला की आरशात नुसतं धुकं. जन्मभर चाचपून कुंकू लावलं मी. मधोमध लागलंय का, हे दुसऱ्यानं सांगायचं.”

“बरं.”

“उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बुबुळाची गोलाई सगळीकडून सारखी नाही, एका अंगानं जास्त वाकलीय, म्हणून तुमचा नंबर तिरका आहे. साधं भिंग बसवलं तर मोतीबिंदूचं धुकं जाईल, पण तिरका नंबर राहील आणि जाड चष्माही राहील. दुसरं एक भिंग असतं. ते तो तिरका नंबरही उतरवतं... म्हणजे बराचसा. लांबचं बिनचष्म्याचं दिसेल म्हणाले. पोथीला मात्र चष्मा लागेल.”

“वचन दिलं त्यांनी?”

“छे. ‘चष्मा कमी होईल, पार जाईलच असं मी सांगत नाही,’ म्हणाले.”

“आणि तू देवीला काय सांगितलंस?”

“पार जाऊ दे.”

आक्का हसल्या. “म्हणजे डॉक्टरांना जे जमत नाही म्हणाले, ते तू देवीच्या अंगावर टाकलंस.”

“तसं नव्हे हो... ‘आई जाखाई, चष्म्याशिवाय मला दिसू दे. दिसलं की त्याच दिवशी एकशे आठ नमस्कार घालीन,’ एवढंच बोलले.”

“त्याच दिवशी कशाला? देवीनं तारीख मागितली होती?”

कुमुदताईंची पाठ जराशी ताठ झाली.

“चाळीस वर्षांत एक नेम मोडला नाही मी, आक्का. हरितालिकेला पाण्याचा थेंब घेतला नाही, पोटात मूल असतानाही नाही. सोळा सोमवार तर तीनदा केले. माझा शब्द देवापाशी उशिरा पोचला, असं आजवर झालेलं नाही.”

आक्कांनी समईचं तबक उलटं केलं आणि खालची बाजू घासायला घेतली.

“डॉक्टर नमस्काराचं काय म्हणाले होते?”

“नमस्काराचं असं काही नाही म्हणाले.”

“मग कशाचं म्हणाले होते?”

“...वाकू नका म्हणाले. डोकं खाली घालायचं नाही. जड उचलायचं नाही. डोळ्याला हात लावायचा नाही.”

“तू काय म्हणालीस?”

“बरं म्हणाले.”

“म्हणजे तिथंही शब्द दिलास.”

“...हो.”

“तो पोचला का गं वेळेवर?”

खाली पायऱ्यांपाशी तृप्ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. “नाही नाही, एकदम छान दिसतंय त्यांना,” ती सांगत होती. वाऱ्यानं ते वरपर्यंत आलं.

कुमुदताईंनी मान खाली घातली, आणि लगेच दचकून वर उचलली.

“सगळं सांग,” आक्का म्हणाल्या. “तुकड्यातुकड्यांनी नको.”

“पट्टी काढली ना आक्का, तेव्हा मला भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी दिसली. बिनचष्म्याची! मला रडू फुटलं, तर तृप्ती म्हणाली, आई रडू नका, आत्ताच थेंब घातलेत, वाहून जातील.” त्या जरा हसल्या. ते हसू टिकलं नाही. “दुपारी ती औषधं आणायला गेली. मी घरच्या देवापुढं नमस्कार घातले. संध्याकाळी निरांजन लावलं... तर ज्योत फाटलेली.”

“फाटलेली?”

“म्हणजे शेपूट फुटल्यासारखी. एका अंगाला तिरकी ओढलेली. मी निरांजन फिरवून ठेवलं. शेपूट तिथंच. वात बदलली. शेपूट तिथंच. मग कळलं... ज्योतीला काही झालं नव्हतं.”

आक्कांनी समई बाजूला ठेवली.

“खिडकीचे गज कललेले दिसतात. न्हाणीतल्या फरशीच्या रेघा चालताना एका बाजूला घसरतात. रोज उठले की आधी गजांकडे बघते, आज तरी सरळ झाले असतील म्हणून. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला घरातल्या खिडकीची भीती वाटायला लागलीय.”

“भिंगाला काय झालं?”

“सरकलं असणार. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला बसवून, समोर बघायला लावून, डोळ्याच्या पांढऱ्यावर शाईच्या खुणा केल्या होत्या. आडवं झालं की डोळा खोबणीत किंचित फिरतो म्हणे, म्हणून खुणा बसवूनच करतात. मी श्वास रोखून बसले होते. भिंगावरही बारीक रेघा असतात. त्या खुणेशी जुळवून ते बसवायचं, घड्याळाचा काटा लावावा तसं. काटा सरकला की...”

“की?”

“उतरवलेला तिरकेपणा परत चढतो. थोडं सरकलं तर थोडा. फार सरकलं तर पहिल्यापेक्षा वाईट.”

“ते नमस्कारांनीच सरकलं?”

“मला काय ठाऊक! एखाद्याचं उगाचही सरकतं, नेहमी कारण कळत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण एकशे आठ वेळा डोकं खाली मीच घातलं ना?”

“सरकलं तर काय करतात?”

“परत आत घेतात. फिरवून जागेवर आणतात. पहिल्या दोन आठवड्यांत केलं तर सोपं जातं. मग डोळ्यातली ती पिशवी भिंगाभोवती आवळत जाते... मग सोपं राहत नाही.”

“आज कितवा दिवस?”

“दहावा.”

आक्कांनी बोटांवर चौदापर्यंतचे दिवस मोजले.

“डॉक्टरांना कळवलंस?”

“...नाही.”

“मधे तपासायला बोलावलं असेल की.”

“चौथ्या दिवशी. मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्या हाताखालच्या बाई होत्या, तरुण. त्यांनी अक्षरांची पाटी वाचायला लावली.”

“वाचलीस?”

कुमुदताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“पाटी पहिल्या दिवसाचीच होती, आक्का. ती मला पाठ झाली होती. पोथीचे अध्यायच्या अध्याय पाठ असतात माझे, पाच ओळींचं काय.”

“म्हटलीस?”

“म्हटली. कुठंही न अडखळता. त्या म्हणाल्या, ‘वा आजी, मस्त!’”

आक्कांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसल्या. कुमुदताईंचा चेहरा रडवेला झाला, तशा थांबल्या.

“बरं, आणि देवीला? तिला काय सांगतेस रोज?”

“रोज एक लहान नवस बोलते. गज सरळ दिसू देत म्हणून. गेल्या शुक्रवारी चहा सोडला. शनिवारी साखर. रविवारी चप्पल घालणार नाही म्हटलं...”

“किती झाले?”

“सात.”

“पहिला निस्तरायला सात.”

“थट्टा करू नका हो, आक्का. मला भीती वाटते.”

“कशाची?”

“त्या टेबलाची. तोंडावर कापड टाकतात, पापण्यांत चिमटा अडकवतात, मिटता येत नाही. समोर नुसता उजेड, आणि त्या उजेडात कुणाची तरी बोटं. एकदा सोसलं, तेव्हा पुन्हा यायचं नाही म्हणून सोसलं.”

“आणखी?”

“तृप्तीची.”

“ती मारते तुला?”

“मारती तर बरं झालं असतं. आठ दिवस रजा घेतली तिनं. फ्रिजवर कागद लावलाय, कुठला थेंब किती वाजता. हेच भिंग बसवायचं असं घरात भांडून तिनं ठरवलं. यांचं म्हणणं होतं, आता या वयात कशाला हवंय. ती म्हणाली, बाबा, आईंना एकदा तरी आरशात स्वतःचं तोंड दिसू दे. तिला कुठल्या तोंडानं सांगू? की मी वाकले. मला सांगितलं होतं तरी वाकले.”

“आणखी?”

कुमुदताईंनी गाभाऱ्याकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला, जणू आत कुणी ऐकेल.

“नमस्कारांनी डोळा बिघडला म्हणावं, तर तो देवीवर आळ येतो. तिच्यापुढं वाकले म्हणून माझं वाटोळं झालं, असं होतं ते. आणि नमस्कारांचा काही संबंध नाही म्हणावं... तर मग तिनं माझं ऐकलंच नाही. दिलेलं त्याच दिवशी काढून घेतलं. दोन्हीकडून बघते मी, आक्का. दोन्हीकडून मला उभं राहायला जागा नाही.”

आक्कांनी या वेळी काही विचारलं नाही.

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

“कौल लावा,” कुमुदताई एकदम म्हणाल्या.

“काय विचारू?”

“गप्प राहू का, म्हणून विचारा. आपोआप जागेवर येईल का. उजवी कळी पडली, तर मी दवाखान्याचं नाव काढणार नाही.”

“आणि डावी पडली तर?”

“नाही पडायची.”

“ते कळीला सांगितलंस?”

“आक्का, लावा ना. मी आणखी काही मागत नाही. एकदा तिनं होय म्हटलं, की मी घरी जाऊन शांत बसेन.”

आक्का उठल्या. त्यांनी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, परडीतून कण्हेरीच्या दोन सारख्या कळ्या निवडल्या आणि पाण्यात बुडवल्या.

जाखाई म्हणजे शेंदूर चढवलेली शिळा. तिला रोज सकाळी पितळी मुखवटा बांधतात. कौल लावताना मुखवट्याच्या दोन गालांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मात्र मुखवटा अगदी सरळ हवा. तो कललेला असला, तर कळी उतारानंच घसरते. मग तो देवीचा शब्द नव्हे.

मुखवटा बांधतात आक्काच, पण तो सरळ बसला का हे त्यांना दिसत नाही. त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड आहे, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यातून मुखवटा दिसतो, कल दिसत नाही. म्हणून सकाळी जो पहिला वर येईल त्याला त्या विचारतात. दूध घालणाऱ्याला विचारतात, शेळ्यांमागच्या बाईला विचारतात. तो म्हणतो, “आक्का, जरा डावीकडं घ्या,” की त्या डावीकडं घेतात. सगळ्यांत जास्त त्यांनी कुमुदताईंना विचारलेलं आहे. “कुमुदनं सरळ म्हटलं की ओळंबा लावायला नको,” असं त्या चार बायकांत बोलून दाखवायच्या. कुमुदताईंना ते फार आवडायचं. चष्म्याची का असेना, आपली नजर देवीच्या कामाला येते, हे त्या घरी दोनदोनदा सांगायच्या.

आक्का गाभाऱ्यात गेल्या. हातात कळ्या धरून त्यांनी नेहमीसारखं विचारलं,

“मुखवटा सरळ आहे ना गं?”

कुमुदताई उंबऱ्यापाशी आल्या. त्यांनी काळा चष्मा काढला.

मुखवटा डावीकडे कलला होता. नथीची कड ओढल्यासारखी लांबली होती.

त्यांनी उजवा डोळा मिटला. डाव्यातला मोतीबिंदू अजून काढलेला नव्हता. त्यातून नुसतं पिवळं धुकं दिसलं, मधे एक चकाकी.

पुन्हा उजवा उघडला. मुखवटा कललेलाच.

मुखवटा कललाय, की आपला डोळा?

हार जड असेल. हारानं ओढला असेल. असेलही. सकाळपासून कुणी वर आलं नसेल, कुणी सांगितलं नसेल... की घरच्या गजांसारखाच हाही?

“कुमुद? सरळ आहे ना?”

त्यांनी दाराची चौकट धरली.

“सरळ आहे,” कुमुदताई म्हणाल्या.

आक्कांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी चाचपून उजव्या गालावर एक कळी टेकवली. डाव्या गालावर दुसरी. दोन्ही बोटांनी दाबून धरल्या आणि तोंडातल्या तोंडात देवीला कुमुदचं गाऱ्हाणं सांगितलं. दहाव्या दिवसाचं, भिंगाचं, गप्प राहण्याचं.

“सोडते गं आता.”

कुमुदताईंच्या हातातला काळा चष्मा खाली पडला.

“थांबा!”

आक्कांची बोटं कळ्यांवरच राहिली.

“काय झालं?”

“सोडू नका. आक्का, पाया पडते, सोडू नका.”

“का? मुखवटा सरळ आहे म्हणालीस.”

“मला ठाऊक नाही...”

“काय?”

“मला दिसत नाही, आक्का. तो सरळ आहे की वाकडा, मला कळतच नाही.”

आक्का तशाच उभ्या होत्या, कळ्या दाबून, पाठमोऱ्या.

“त्या डॉक्टरीणबाईला दिसतं म्हणालीस. सुनेला दिसतं म्हणालीस. मग इथंच काय अडलं?”

“हा कौल आहे हो!” कुमुदताईंना हुंदका आला. “खोट्यावर कौल कसा लावायचा?”

आक्कांनी बोटं उचलली नाहीत. दोन्ही कळ्या तशाच चिमटीत धरून मुखवट्यावरून सोडवल्या आणि वळून परडीत टाकल्या.

“मग ज्याला दिसतं त्याला विचारू.”

त्या देवळाच्या दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी हाक मारली. एवढ्या मोठ्यानं त्या कधी हाक मारत नसत.

“तृप्ती! वर ये गं!”

“तिला नको, आक्का! तिच्यासमोर नको... मी सांगेन घरी गेल्यावर. खरंच सांगेन.”

“मी तिला मुखवट्याचंच विचारणार आहे. तुझं तुझ्यापाशी.”

तृप्ती धापा टाकत वर आली. चपला तिनं कुठं काढल्या तिलाच ठाऊक नसावं. हातात थेंबांची पिशवी होती.

“काय झालं? आई, पडलात का? थेंबांना अजून वीस मिनिटं आहेत.”

“कुणी पडलं नाही,” आक्का म्हणाल्या. “आत बघ. मुखवटा कसा दिसतो?”

“छान दिसतो.”

“छान नको सांगूस. सरळ आहे का सांग.”

तृप्तीनं एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा आक्कांकडे. मग अंगठा उभा धरून, एक डोळा बारीक करून नीट पाहिलं.

“सरळ आहे. अगदी सरळ.”

मुखवटाच सरकला असेल, एवढा एक धागा होता. तोही गेला.

आक्का कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि त्यांनी समई पुन्हा हातात घेतली.

“चला मग,” तृप्ती म्हणाली. “ऊन वाढतंय. आई, तुमचा काळा चष्मा खाली पडलाय.” ती तो उचलायला वाकली.

“तृप्ती...”

“हं?”

“मला ती कललेली दिसते.”

“कोण?”

“देवी.”

तृप्ती चष्मा हातात घेऊन तशीच खाली बसून राहिली.

“म्हणजे? आत्ता?”

“रोजच. सगळंच. खिडकी, दार, तू...”

“कधीपासून?”

“पट्टी काढली त्या संध्याकाळपासून.”

“आणि मी रोज विचारते, आई कसं दिसतंय, तेव्हा ते झकास, झकास म्हणता ते?”

“तू घाबरशील म्हणून...”

“मी?” तृप्तीचा आवाज चिरकला. “मी घाबरेन म्हणून? आई, मी रोजच घाबरते. थेंब घालताना माझा हात थरथरतो, तुम्हाला कळू नये म्हणून मनगट दुसऱ्या हातानं धरते. तुम्ही झकास म्हणता, तेवढ्यावर माझा दिवस जातो!”

“आणखी एक आहे.”

“आता काय?”

“मी नमस्कार घातले. वाकून. एकशे आठ.”

तृप्ती बघतच राहिली.

“कधी?”

“तू औषधं आणायला गेलीस तेव्हा.”

“मी पाऊण तासात परत आले होते!”

“भरभर घातले.”

तृप्तीनं डोकं धरलं. तिला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नसावं. दोन्हीचा मिळून एक विचित्र आवाज निघाला. मग तिनं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि ती मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. कुमुदताई तिच्या ओठांकडे बघत होत्या. ओठही किंचित दुहेरी दिसत होते.

“हो डॉक्टर... दहावा. नाही, पहिल्याच संध्याकाळपासून म्हणतात... नाही, आम्हाला आत्ताच सांगितलं... हो, वाकल्या. हो... एकशे आठ.”

कुमुदताईंनी देवीचं नाव घेतलं. आक्का समई घासत होत्या.

“हो. हो. येतो आम्ही.”

तृप्तीनं फोन ठेवला.

“आज चारला बोलावलंय. बाहुली मोठी करून बघतील. सरकलं असलं, आणि सरकलंच असणार म्हणाले, तर उद्या सकाळी आत घेतील. काम थोड्या वेळाचं आहे, पण आत घ्यावं लागेल.”

“फार रागावले?”

“नाही. म्हणाले, वेळेत सांगितलंत.”

“परत सरकलं तर?”

“तेही विचारलं मी. सहसा नाही, म्हणाले. वचन काही देत नाहीत ते.”

“आणि चष्मा?”

“आई!”

“नाही, नाही. नाही विचारत.”

तृप्तीनं त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, केसांत अडकलेली काडी सोडवली. तिचा हात थरथरत होता. या वेळी तिनं मनगट धरलं नाही.

कुमुदताई निघायला वळल्या. निघताना आक्कांच्या पायांशी कपाळ टेकायचं, ही बावीस वर्षांची सवय. गुडघे आपोआप दुमडले, मान खाली गेली.

“आई, वाकू नका!” तृप्ती किंचाळली.

कपाळ खाली पोचलं नाही. मधेच आक्कांचा तळवा आडवा आला होता. चिंचेचा वास असलेला, ओला, खरखरीत. त्यानं ते कपाळ झेलून धरलं आणि हळूहळू वर आणलं.

कुमुदताईंच्या कुंकवाला चिंचेचं पाणी लागून ते थोडं पसरलं. आक्कांनी अंगठ्यानं ते पुसून नीट केलं.

“आक्का, कौल राहिला,” कुमुदताई म्हणाल्या. “देवी रागावलीय का, तेवढं तरी...”

आक्कांनी कळ्यांची परडी बाजूला सारली.

“बरं, ते राहू दे. उद्या मी तिथं एकटी असेन. तृप्तीला आत येऊ देत नाहीत. माळ नेऊ देत नाहीत. मागच्या वेळी भीतीनं माझा जप विसकटला. अर्धं स्तोत्र, अर्धी आरती, आकडाही चुकला. उद्या तसं नको व्हायला.” त्यांनी आक्कांचा हात धरला. “काय म्हणू मी तिथं? तुम्ही द्याल ते म्हणेन. एकदाही न मोडता म्हणेन.”

आक्कांनी हात सोडवून घेतला नाही.

“डॉक्टर विचारतील, दुखतंय का. दुखत असलं, तर दुखतंय म्हण. उद्या एवढाच जप.”